रिकाम्या भुईकाट्यावरचं वजन

जुन्या कॉम्प्युटरची कामं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकाच वाटेनं. आधी घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता हे भंगारात द्या." मग दुसरं कुणीतरी म्हणतं, "नाही द्यायचं." आणि मग मला फोन येतो.

एकेकाळी नाशिकला शालिमारजवळ एका गाळ्यात माझं आणि नवऱ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक तेव्हा कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा झाकून ठेवत. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, दुकान बंद झालं, नवऱ्यानं रोपांची नर्सरी काढली. माझ्याकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटमधलं एक कपाट उरलं. त्यात जुन्या केबली, जुनी कार्डं, जुन्या हार्ड डिस्क. मुलगी म्हणते, आई, हे कपाट म्हणजे म्युझियम. पण सातपूरच्या एखाद्या कारखान्यात, एखाद्या लॅबमध्ये अजूनही असं एखादं मशीन असतं, ज्याचं कार्ड पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरमध्येच बसतं. तिथं नवा, चकचकीत कॉम्प्युटर कुचकामी असतो. अशा वेळी माझं कपाट उघडतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ कांद्याच्या दिवसांत, एका तरुण माणसाचा फोन आला. अंबडला नोकरी करतो म्हणाला.

"मॅडम, विंचूरला आमचा भुईकाटा आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन करायचा. वडिलांनी बसवलेला. त्याचा कॉम्प्युटर फार जुना आहे आणि आता त्याची डिस्क टकटक करायला लागलीय."

"मग नवीन काटा का नाही बसवत?" मी विचारलं.

"मी तेच म्हणतोय. पण वडील गेल्यापासून आई सांभाळते काटा. ती ऐकत नाही. म्हणते, यातलं काही काढायचं नाही. लावायचं असेल तर शेजारी आणखी एक लावा."

कल्पना काही वाईट नव्हती. जुन्या डिस्कच्या शेजारी दुसरी बसवायची, सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं, मशीन नव्या डिस्कवरून चालू होईल असं करून द्यायचं. जुनी तशीच आत राहील. मरेल तेव्हा मरेल, काम थांबणार नाही. मी हो म्हटलं.

फोन ठेवता ठेवता तो जरा अडखळला. "आई तिथं दिवसभर एकटी असते. काही बोलली तर मनावर घेऊ नका."

काटा बंद ठेवायचा तर कांद्याचा लिलाव नसलेला दिवस हवा. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची तिकडे जुनी रीत होती, म्हणून त्या मुलानं अमावस्या गाठली. मी सकाळी निघाले. चांदोरी गेली, निफाड गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खरड छाटणी होऊन बोडक्या झालेल्या द्राक्षबागा. एरवी या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॉल्यांमुळे गाडी पुढे सरकत नाही. त्या दिवशी विंचूरपर्यंत मी एकदाही ब्रेकवर जोरात पाय दिला नसेल.

काटा मुख्य रस्त्यापासून थोडा आत होता. एक मोठं मोकळं आवार, कडेला कुणा व्यापाऱ्याचं कांद्याचं बंद खळं, मधोमध जमिनीच्या पातळीत बसवलेली लांबरुंद लोखंडी प्लेट आणि तिला लागून पत्र्याच्या छपराची एक केबिन. केबिनला एकच मोठी खिडकी, ती प्लेटकडे उघडणारी. भरउन्हात आवारात चिटपाखरू नव्हतं. वाऱ्यानं कांद्याची लाल टरफलं तेवढी जमिनीवरून सरपटत होती. त्यांचा आवाज, कुणी पायात कागदी चपला घालून चालावं, तसा.

मी सवयीनं सावली बघून गाडी वळवली. खिडकीतून बाईचा आवाज आला, "ताई, काट्यावर नका लावू गाडी! तेवढी जागा मोकळी राहू द्या."

काकू, म्हणजे त्या मुलाची आई, साठीच्या पुढच्या, सडसडीत, चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकवलेला. हसऱ्या होत्या. कुणी वेडसर बाई भेटेल अशी मी उगाच मनाची तयारी करून गेले होते, त्याची मला लाज वाटली. त्यांनी माठातलं पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.

कॉम्प्युटरवर विणकामाचा रुमाल होता. तो काढला तर खालचा पांढरा रंग जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला. मी आधी तो तसाच चालू करून पाहिला. आतून टक, टक, टक असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वजनाचा प्रोग्रॅम उघडला. सगळ्यात वर मोठा आकडा, किलोतला. प्लेटवर काही नाही, म्हणून शून्य.

"चहा टाकते," म्हणून काकू मागच्या बाजूला गेल्या. केबिनमागं दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं.

मी पिशवीतून हत्यारं काढत होते. मान वर केली तर पडद्यावर शून्य नव्हतं. पासष्ट होतं.

मी खिडकीतून पाहिलं. प्लेट रिकामी. ऊन तिच्यावर नुसतं उकळत होतं. आकडा हलेना. मी उठून खिडकीतून वाकून पाहिलं, कुणी पोर, कुत्रं, गाय, काही कडेला उभं आहे का. काही नव्हतं. पुन्हा वळून पाहिलं तर शून्य.

भुईकाट्याचा आकडा थोडाफार सरकतो, हे मला ठाऊक होतं. लोखंड तापतं, खालच्या खड्ड्यात माती साचते, उंदीर तारा कुरतडतात. पण तसा आकडा सरकतो तो हळूहळू. एकदम येऊन, थांबून, एकदम जात नाही. माणूस चढतो आणि उतरतो, तसा तो आला आणि गेला होता. मी मनाशी म्हटलं, डिस्क खराब आहे, प्रोग्रॅमचा एखादा तुकडा बिघडला असेल. नव्या डिस्कवर गेला की होईल नीट.

काकू चहा घेऊन आल्या. मी सहज म्हणून सांगितलं, "आत्ता उगाच पासष्ट दाखवत होता."

त्यांनी कपबशी माझ्यासमोर ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज लवकर."

मग म्हणाल्या, "चहा घ्या, निवल."

मी पुढे काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचं नव्हतं. मी चहा प्यायले आणि कॉम्प्युटर बंद केला.

बंद करताच काकूंनी विचारलं, "किती टाइम लागल?"

"दोनेक तास लागतील. जास्तही लागतील."

"तवर काटा बंदच?"

"हो. आज कुठं कुणी यायचंय?"

"तसं नाय," त्या म्हणाल्या. "बंद असला की कळत नाय ना काही." आणि खिडकीपाशी स्टूल ओढून बाहेर तोंड करून बसल्या.

झाकण काढलं तर आत कांद्याची टरफलंच टरफलं. इतक्या वर्षांत पंख्यानं बाहेरची पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखी टरफलं आत ओढून घेतली होती आणि ती प्रत्येक फटीत जाऊन बसली होती. ब्रशनं ती झाडताना पुन्हा पुन्हा वाटायचं की मी कुणाच्या तरी अंगावरची साल काढतेय. मी काम करताना असले विचार करणारी बाई नाही. त्या दिवशी येत होते खरे.

डिस्क मी घरच्या कपाटातून आणली होती. दुकानात मिळते ती नवीन चालली नसती. एवढ्या मोठ्या डिस्कचा आकार त्या जुन्या कॉम्प्युटरला समजतच नाही. माझी डिस्क त्याच्याच पिढीतली होती, नीट पुसून कोरी केलेली. जुन्या डिस्कखाली एक कप्पा मोकळा होता. तिथं ती सरकवली, चार स्क्रू आवळले. चपट्या पट्टीसारख्या एकाच केबलीवर दोन डिस्क जोडायच्या असतात. जुनी एका टोकाला होतीच, नवी मधल्या जोडावर बसवली. केबलीची लाल कड बरोबर बाजूला आहे ना, ते बॅटरी मारून पाहिलं आणि चालू केलं.

दोन्हीही दिसेनात. ना नवी, ना जुनी. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली.

काकू पटकन उठून आल्या. "गेलं का सगळं?"

"नाही हो. माझीच घाई झाली. एका केबलीवर दोन डिस्क असल्या की पहिली कोण आणि दुसरी कोण, ते ठरवून द्यावं लागतं. मी दोघींनाही पहिलीच ठेवलंय." मी त्यांना डिस्कच्या मागच्या बारीक पिनांवर बसणारी एवढीशी प्लास्टिकची टोपी दाखवली. ती या पिनांवरून त्या पिनांवर नेली की डिस्कचा मान बदलतो.

"म्हंजे घरात मोठी कोण, ते," काकू हसल्या. पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं.

चिमट्यानं मी नवीची टोपी हलवली. चालू केलं. या वेळी दोघी एकाखाली एक उमटल्या. मग मी नवीवर सगळं उतरवायला लावलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. जुनी डिस्क टकटकत होती, नवी बारीक घरघरत होती. आता वाट पाहण्यापलीकडे काही काम नव्हतं. आवाराकडे पाहायचं मी टाळत होते, पण खिडकीच तेवढी होती.

काकूही बाहेरच पाहत होत्या. बऱ्याच वेळानं, मला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ताटकळत असतील."

आता न विचारणं मला अधिक जड जायला लागलं. "कोण, काकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि सांगायला लागल्या.

काटा बसवला तेव्हापासून त्यांच्या नवऱ्याची एक सवय होती. सकाळी पहिला ट्रॅक्टर यायच्या आधी ते स्वतः प्लेटवर जाऊन उभे राहायचे. काटा बरोबर आहे ना, हे पाहायला. काकू खिडकीतून आकडा ओरडून सांगायच्या. मोठ्या वजनाचा काटा तो, एकेक किलो दाखवत नाही, पाचाच्या पायरीनं दाखवतो. त्यांचं वजन वर्षानुवर्षं पासष्टच्या पायरीवर होतं. "पासष्ट!" असं काकू ओरडल्या की ते हात वर करायचे आणि दिवस सुरू व्हायचा.

"मग ते आजारी पडले. पोटाचं दुखणं. नाशिकला दवाखान्यात न्यायचो, आणायचो. पण काट्यावर उभं राहणं सोडलं नाय. एक दिवस मी पाहिलं तर साठ. ते बाहेर उभे, मान वर करून माझ्याकडं बघतात. मी वरडले, पासष्ट!"

त्या थांबल्या. डिस्क टकटकली.

"मग पंचावन्न झालं. मी पासष्टच सांगायचे. पन्नास झालं तरी पासष्टच. त्यांना काय कळत नव्हतं का ताई? विजार कमरेवर राहत नव्हती. पण हात वर करायचे. शेवटी पंचेचाळीस दिसलं, त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाजच फुटंना. त्यांनी तरीबी हात वर केला. मग काय, आठवडाभरात गेले."

मी पडद्याकडे पाहिलं. ओळी पळतच होत्या.

"ते गेल्यावर लय दिवस काही नव्हतं. मग एक दिवस दुपारचं बसले होते, बाजार सुटला होता, आणि पाहते तर पंचेचाळीस. बाहेर कुणी नाय. मी घाबरले नाय, खोटं कशाला सांगू. मला लय बरं वाटलं. मग रोजच यायला लागले. कधी दुपारी, कधी उन्हं उतरल्यावर. तवा पंचेचाळीस होतं. मग पन्नास झालं, पंचावन्न झालं. आता पुन्हा पासष्ट भरलेत. तिकडं खाणंपिणं नीट होत असल." त्यांचा चेहरा अगदी शांत होता. "पोराला सांगितलं तर तो डॉक्टरकडं न्यायला निघाला. म्हणून मग नाय सांगितलं परत."

मुलगा "नवीन काटा घेऊ" का म्हणत होता आणि आई "काढायचं नाही" का म्हणत होती, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना काही समजावलं नाही. पण मनात मी माझं कारण घट्ट धरून होते. खराब डिस्क, बिघडलेला प्रोग्रॅम. उतरवून घेताना मी ते तपासलंही होतं. जुनीवरचे काही तुकडे वाचताना मशीन अडखळत होतं. मुलाकडे त्याच प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी होती, ती मी आधीच मागवून आणली होती. नव्या डिस्कवर मी तिच्यावरून प्रोग्रॅम कोरा घातला. आता जुन्या बिघाडाचा प्रश्नच नव्हता. आकडा आता येणार नाही आणि काकूंना काय वाटेल, एवढीच मला काळजी होती. चोरी करायला आल्यासारखं वाटत होतं मला.

काम संपलं. आता नवी पहिली, जुनी दुसरी, असं टोप्या बदलून दिलं. मशीन सुरळीत नव्या डिस्कवरून चालू झालं. शून्य. आम्ही दोघी त्या शून्याकडे पाहत राहिलो. काही आलं नाही. काकूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मी म्हटलं, "काकू, एकदा काटा बरोबर दाखवतोय ना ते पाहायला हवं. आज ट्रॅक्टर नाही. मीच उभी राहते. तुम्ही आकडा सांगा."

घरी माझं वजन पंचावन्नच्या आसपास भरतं. मी बाहेर गेले. प्लेट इतकी तापली होती की चपलेतून चटका जाणवत होता. मधोमध जाऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. आवारात कसलाच आवाज नव्हता. टरफलंही थांबली होती. उन्हामुळे खिडकीच्या आतलं काही दिसत नव्हतं, नुसता काळा चौकोन.

"पंचावन्न!" आतून आवाज आला.

मला हायसं वाटलं. मी हात वर केला. तो का केला, मला माहीत नाही. काकूंनी नवऱ्याचं सांगितलं होतं म्हणून असेल.

आणि प्लेट हलली. फार नाही. उभ्या ट्रॉलीवर मागून कुणी पाय ठेवला की जेवढी हलते तेवढीच. माझ्या डाव्या बाजूला, थोडी मागे. उन्हात माझी सावली पायाशी गोळा झाली होती, ती एकटीच होती. हे मी पाहिलं, कारण मान वळवायचा मला धीर झाला नाही आणि खाली पाहण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं.

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत. समोरच्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "एकशेवीस."

वर केलेला हात मी हळूच खाली घेतला.

"ताई, तुम्ही या खाली. राहू द्या त्यांना."

मी कशी उतरले ते आठवत नाही. केबिनमध्ये आले तेव्हा पडद्यावर पासष्ट होतं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी पडद्याकडे पाठ करून झाकण बसवलं. एक स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो तसाच राहू दिला. निघताना काकूंनी मला हळदीकुंकू लावलं आणि पिशवीभर कांदे दिले. गाडी आवाराबाहेर काढताना मी आरशात पाहिलं नाही. निफाड येईपर्यंत पाहिलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, खालचा एखादा सेन्सर सैल असेल, तू उभी राहिलीस, तापलेलं लोखंड एकदम सरकलं. असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. बरोबर माणसाच्या वजनाइतकं सरकलं का, हेही विचारलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. मग त्या मुलाचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॅडम, आई मानली! नवीन काटा बसवला, सगळं नवीन. आईला मी इकडे घेऊन आलोय. तुमची डिस्क काढून ठेवलीय, केव्हाही घेऊन जा."

त्याचा फ्लॅट माझ्या घरापासून दूर नव्हता. गेले तेव्हा तो कामावर होता, सून बाळाला घेऊन लस द्यायला गेली होती. काकूंनी दार उघडलं. अंगानं जरा भरल्या होत्या. बाल्कनीत मेथी निवडत होत्या, मलाही तिथंच खुर्ची दिली. खाली रस्त्यावर हॉर्न, रिक्षा, शाळेच्या बसेस. त्यांना ते आवडत होतं हे दिसत होतं.

मी म्हटलं, "करमतं का इथं? काटा सोडवला कसा तुमच्याकडून? मला वाटलं होतं, तुम्ही कधीच सोडणार नाही."

"पोराला वाटतं त्यानं मला मनवलं," काकू म्हणाल्या. "त्याला तसंच वाटू द्या."

मेथीच्या दोन-तीन काड्या त्यांनी निवडल्या. मग हात थांबला.

"ताई, तुम्ही आलता तवा पासष्ट होतं ना? मला वाटलं, आता भरले, आता तिथंच राहतील. पण थांबलं नाय ते. आखाडात सत्तर झालं. मग पंचाहत्तर. ह्यांचं वजन जल्मात कधी सत्तर नव्हतं हो. लग्नातबी नव्हतं. ऐंशी झालं तवा मी खिडकी लावून घ्यायला लागले. पण आकडा आतच दिसतो ना."

मी खुर्ची पुढे ओढली. "मग काकू, ते कोण होतं?"

"मला काय ठाऊक. मी आपली हेच हायेत समजून बोलत बसायचे रोज. सगळं सांगायचे. घरातलं, पोराचं, सुनेच्या दिवसांचं." त्यांनी सुनेच्या बंद खोलीकडे एकदा पाहिलं. "मग एक दिवस मी खिडकी उघडली आन् मोठ्यानं विचारलं, तुम्ही कोण हाय?"

"मग?"

"लगेच शून्य झालं. मला वाटलं, गेलं. मग परत आलं, तवा शंभराच्या वर होतं. आन् हलत होतं ताई. वर-खाली, वर-खाली. कुणी उभ्या उभ्या हसावं, तसं." त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "त्याच दिवशी पोराला फोन केला. म्हटलं, घेऊन जा मला, आन् ते सगळं उपटून टाक."

मग त्या उठून आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. तिच्यात माझी डिस्क होती आणि तिच्यासोबत जुनीही.

"काकू, माझी एकच होती."

"दोन्ही न्या," त्या म्हणाल्या. "मला नको घरात. बाळ हाय घरात."

मी पिशवी घेतली. जुन्या सामानाची विल्हेवाट लावणारे एक गृहस्थ ओळखीचे होते, त्यांच्याकडे त्याच संध्याकाळी दोन्ही देऊन टाकायचं मी तिथल्या तिथं ठरवलं, आणि दिलंही. कपाटात आणायचा विचारसुद्धा केला नाही.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या. माझ्यासाठी त्यांनीच लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार सरकलं, आत दिवा होता, किती किलो वजन चालेल त्याची पाटी होती आणि कुणी नव्हतं. काकूंनी आत पाहिलं, मी आत पाहिलं. दार आपोआप मिटेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

"जिन्यानं जाते," मी म्हटलं.

"हां," काकू म्हणाल्या, "जिनाच बरा."